पट्ट्यांच्या बाजूने ऑईल गळतंय? आधी जागा शोधा, मग सील आणा

वर्षभर चिपळूण-मालवणकडच्या अंगणात उभी असलेली आणि गणपतीत एकदम घाट चढायला लावलेली जुनी गाडी ऑईल गाळू लागते, यात नवल नाही. उभ्या गाडीत फिरत्या शाफ्टभोवती ऑईल अडवणाऱ्या सीलचं रबर कडक होतं आणि त्याचा ओठ शाफ्टवर एकाच जागी चिकटून बसतो. सीलबाहेरचा शाफ्टचा भाग खाऱ्या दमट हवेत गंजतो. इंजिन तापलं, क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, दाब वाढला की कमजोर जागेतून ऑईल बाहेर येतं.

इंजिनाची ‘पुढची बाजू’ म्हणजे बंपरची बाजू नव्हे, पट्टे आणि टायमिंग (खालचा क्रँकशाफ्ट आणि वरचा कॅमशाफ्ट जोडणारा बेल्ट) असलेली बाजू. आडव्या इंजिनाच्या गाड्यांत ती एका चाकाकडे येते, जुन्या, गाडीच्या लांबीत उभ्या बसवलेल्या इंजिनात रेडिएटरमागे.

जांभ्याची फरशी ऑईल पिऊन टाकते, म्हणून डाग दिसला नाही तर गळती नाही असं समजू नका. रात्री खाली मोठा पुठ्ठा पसरा, पुढच्या चाकांच्या जागा त्यावर खुणेने आखा. सकाळी थेंब कुठे पडलेत ते पाहा. एसीचं पाणी सुकून जातं, कूलंटला रंग आणि गोडसर वास असतो, गिअर ऑईलला गंधकासारखा उग्र वास येतो. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर एक थेंबही रंगीत तवंग होऊन हातभर पसरतो, त्यामुळे प्रमाणाचा अंदाज डिपस्टिकवरूनच घ्या.

धुण्याआधी टॉर्च घेऊन एकदा नीट बघा. लाल धूळ ओल्या जागी चिकटते आणि ऑईलची वाट स्वतःच आखून देते. त्या थराच्या सर्वांत वरच्या टोकाशी संशय धरायचा. गाडी चालताना वारा ऑईल मागे ढकलतो, त्यामुळे सम्पवर (इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्यावर) थेंब लोंबतोय म्हणून सम्पचं पॅकिंग बदललं तर बहुतेक वेळा पैसे फुकट जातात.

आता धुवा. इंजिन कोमट असावं. अल्टरनेटर, कॉइल आणि वायरिंगचे जोड प्लास्टिकच्या पिशवीने झाका. डिग्रीजर किंवा डिझेल ब्रशने लावा, पट्ट्यांना लागू देऊ नका, चिंध्यांनी पुसून काढा. पेट्रोल नको, आग लागते. पूर्ण सुकल्यावर संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरा, दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवा, मधूनमधून २,००० आरपीएमपर्यंत न्या. काहीच दिसलं नाही तर एखादी चढण चढून या. पावडर आधी जिथे काळी पडेल, ती जागा.

टायमिंग कव्हर काढून वाचायची खूण सोपी आहे. कॅम पुलीमागून ओघळ खाली येत असेल तर कॅमचं सील. क्रँक पुलीच्या पातळीवर ऑईल गोल फवारल्यासारखं उडालं असेल तर क्रँकचं सील. कव्हरच्या आत कोरडं आणि बाहेर ओलं असेल तर टॅपेट कव्हर (इंजिनाचं वरचं झाकण) किंवा ऑईल प्रेशर स्विच बघा. मारुती ८०० आणि ओम्नीच्या ७९६ सीसी इंजिनात क्रँकचं पुढचं सील ऑईल पंपाच्या बॉडीतच बसतं, म्हणून पंपाचं गास्केटही तपासा.

सील मागवण्याआधी ब्रीदर, म्हणजे क्रँककेसमधला दाब सोडणारी वाट, तपासा. हे बहुतेक जण विसरतात. ब्रीदरची नळी किंवा तिच्यावरचा पीसीव्ही वाल्व्ह काजळीने तुंबला की क्रँककेसमधला दाब बाहेर जाण्याचा मार्ग शोधतो, आणि नवं सीलही महिन्याभरात ओलं होतं. इंजिन आयडलला असताना ऑईल भरायच्या झाकणाच्या तोंडावर पातळ प्लास्टिक ठेवा. ते जोरात वर उडत असेल तर आधी नळी साफ करा. तरीही उडत असेल तर बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, सील बदलून काही होणार नाही.

क्रँक सील बदलताना गाडी स्टँडवर घ्या, चाकांना अडसर लावा. जांभ्याचा चिरा टेकू म्हणून अजिबात नको, वजनाखाली तो अचानक फुटतो. बॅटरीची निगेटिव्ह सोडा. फॅन बेल्ट आणि क्रँक पुली काढा. टायमिंगच्या खुणा जुळवा, पांढऱ्या रंगाने ठळक करा, मगच टायमिंग बेल्ट उतरवा. बेल्टला ऑईल लागलं असेल तर तो पुसून परत लावू नका, रबर फुगतं आणि दात सुटतात. इतकं उघडलंच आहे तर कॅम सील, बेल्ट आणि तो ताणून धरणारं टेन्शनर बेअरिंग एकदमच बदला. मजुरी तीच लागते.

जुन्या सीलच्या पत्र्याला सुमारे २ मिमीचं छिद्र पाडा, छोटा स्क्रू फिरवा आणि पक्कडीने ओढा. स्क्रूड्रायव्हरने उचकटताना शाफ्टवर ओरखडा पडला तर नवं सील लावूनही गळेल. गंज ६०० नंबरच्या एमरीने गोल दिशेने घासा, लांबीच्या दिशेने घासलं तर ऑईलला वाट मिळते. एमरीची भुकटी पुसून काढा. नखाला खाच लागत असेल तर सील जागा देत असेल तेवढं, म्हणजे १ ते १.५ मिमी, आत किंवा बाहेर बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागी येतो. खोल खाच असेल तर शाफ्टवर चढवायची पातळ स्लीव्ह घ्या.

सीलची स्प्रिंगची बाजू आत, ऑईलकडे. ओठाला ऑईल लावा, स्प्रिंग निसटू नये म्हणून आतल्या खोबणीत थोडं ग्रीस भरा. सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा सॉकेट किंवा पाइप ठेवून हलके, चहूबाजूंनी सारखे ठोके द्या. तिरकं बसलं की संपलं. बेल्ट चढवून क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे हाताने फिरवा, खुणा पुन्हा जुळल्याच पाहिजेत. पुलीचा बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. ढिला राहिला तर पुलीला शाफ्टवर अडवणारी लोखंडी चावी आणि तिची खाच झिजते.

टॅपेट कव्हरला बहुतेक वेळा नवं पॅकिंग पुरतं. ६ मिमीच्या बोल्टांना साधारण ८ ते १० न्यूटन मीटर टॉर्क बास, जास्त आवळलं की पत्रा वाकतो आणि गळती वाढते. सिलिकॉन (ट्यूबमधला सीलंट) फक्त कोपऱ्यांत आणि जोडांवर, २ ते ३ मिमीची रेघ. जास्त भरलं तर आत निघालेले तुकडे सम्पमधल्या जाळीत अडकून ऑईलचा दाब पाडू शकतात. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, त्यामुळे कोकणची हवा इथे उलट मदतच करते, फक्त पृष्ठभाग तेलकट नसावा. ट्यूबवर लिहिलेला वेळ जाऊ द्या, मगच इंजिन चालू करा.

गळती थांबवणारी औषधं रबर थोडं फुगवतात आणि काही दिवस फसवतात. जाड ऑईल ओतणंही तसलाच तोडगा. काम झाल्यावर शंभर-दोनशे किलोमीटरने पुन्हा पुठ्ठा पसरा. काढलेलं ऑईल विहिरीजवळ, वहाळात किंवा भातशेताच्या बांधावर ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या.