इजेक्शन सीटच्या दुखापतींचे विश्लेषण : आधी छेद ठरवा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याने लढाऊ विमानांतील इजेक्शन सीटमुळे (संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनामुळे) होणाऱ्या दुखापतींवर प्रकल्प करायचे ठरवले, तर त्याने सर्वप्रथम टक्केवारीचा छेद, म्हणजे ज्या एकूण संख्येने भागायचे ती संख्या, निश्चित करावा. कारण सर्व इजेक्शन, केवळ वाचलेले वैमानिक किंवा केवळ मणक्याची तपासणी झालेले वैमानिक यांपैकी कोणता छेद घेतला, यावर उत्तर बदलते. रावेर-यावलकडील केळीचे नुकसान फक्त बाजारात पोहोचलेल्या घडांवरून मोजले, तर वादळात आडव्या झालेल्या बागा हिशेबात येतच नाहीत; मृत वैमानिक वगळलेल्या अभ्यासातही हाच दोष राहतो.

प्रत्येक घटनेपुढे सीटचा प्रकार, उंची, वेग आणि दुखापतीचा टप्पा यांची नोंद करावी. सीट वर फेकली जाताना मणक्यांवर दाब येतो आणि पाठ व कंबर जिथे जुळतात तेथे अस्थिभंग होण्याचा धोका अधिक असतो. वेगवान हवेच्या झोताने हातपाय ओढले जाऊन सांधे निखळू शकतात. जमिनीवर उतरताना घोट्याला इजा होते. या तिन्हींची कारणे भिन्न असल्याने त्यांची एकत्र बेरीज करून काहीही कळत नाही. झोताचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हेही प्रारूप मांडताना लक्षात घ्यावे. तपासणीचे साधन अवश्य लिहावे, कारण साध्या एक्स-रेमध्ये निसटलेला अस्थिभंग एमआरआयमध्ये सापडू शकतो आणि मग वाढलेले प्रमाण सीटचे नसून तपासणीचे असते.

नमुना बहुधा लहानच मिळतो. समजा, ४० जणांपैकी ८ जणांना अस्थिभंग झाला. प्रमाण २० टक्के दिसते, परंतु विल्सनच्या पद्धतीने ९५ टक्के विश्वास अंतराल (खरे प्रमाण ज्या मर्यादांत असण्याची शक्यता आहे तो पट्टा) सुमारे १० ते ३५ टक्के येतो, आणि तो अहवालात छापलाच पाहिजे. ३० घटनांत एकही दुखापत नसेल, तरी खरे प्रमाण सुमारे १० टक्क्यांपर्यंत असू शकते. दोन सीटच्या दुखापतींच्या प्रमाणांत खरा फरक आहे का, हे पाहताना तक्त्याच्या रकान्यांतील अपेक्षित संख्या लहान असल्यास नेहमीच्या काय-वर्ग चाचणीऐवजी लहान नमुन्यांसाठीची फिशरची अचूक चाचणी वापरावी.

दोन आसनी विमानातून एकाच अपघातात बाहेर पडलेले दोघे वैमानिक परस्परांपासून स्वतंत्र निरीक्षणे नसतात. म्हणून अपघाताचा क्रमांक हा वेगळा रकाना ठेवून विश्लेषण त्या गटानुसार करावे.