ग्रीन कार्डच्या मुलाखतीला जोडीनं जाताना

लग्नावरून ग्रीन कार्डचा अर्ज केला आणि नेवार्कच्या इमिग्रेशन ऑफिसातून मुलाखतीचं पत्र आलं की आपली मुलं पहिल्यांदा प्रश्नांची यादी शोधतात. कुणाच्या तरी ग्रुपवर शे-दीडशे प्रश्नांची पीडीएफ फिरत असते. मग दोघं रात्री बसून एकमेकांना टूथब्रशचा रंग आणि सासूबाईंचा वाढदिवस विचारत राहतात. ती पीडीएफ बंद करा आणि तुम्हीच भरून पाठवलेला अर्ज उघडा. आय-१३० (जोडीदारासाठी केलेली याचिका), आय-१३०ए (त्या जोडीदाराची माहिती) आणि आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) या तिन्हींची प्रत दोघांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची. अधिकाऱ्यासमोर तीच फाइल उघडी असते आणि बहुतेक वेळ तिच्यावरच जातो: मागच्या पाच वर्षांचे पत्ते, नोकऱ्या, अमेरिकेत शेवटचं कधी आलात, मग शेवटी ती लांबलचक हो-नाहीची प्रश्नावली. कित्येक घरांत हा अर्ज वकिलानं किंवा नवऱ्यानं भरलेला असतो आणि बायकोनं फक्त सही केलेली असते. तसं असेल तर तिनं आधी वाचावा. चूक सापडली तर शपथ झाल्याबरोबर आपण होऊन सांगा, अधिकारी तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतात. तुम्ही सांगितलेली चूक ही दुरुस्ती असते. तीच त्यांनी शोधून काढली की तिचा संशय होतो.

आता ठरवून केलेल्या लग्नाबद्दल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडची चांगली, खरी जोडपी इथेच अडखळतात. अमेरिकन माणसाला कांदेपोहे काय कळणार, या भीतीनं ती प्रेमकथा रचतात. कॉफी शॉपमध्ये भेट झाली, गुडघ्यावर बसून मागणी घातली, वगैरे. कृपा करून असं करू नका. कायद्याचा प्रश्न एवढाच आहे की लग्न करताना दोघांना खरोखर एकत्र संसार करायचा होता का. लग्न ठरवून केलं म्हणून ते खोटं ठरत नाही, आणि न्यू जर्सीतल्या अधिकाऱ्यांनी आपल्यासारखी कितीतरी लग्नं पाहिलेली असतात. जे झालं ते सांगा. स्थळ कुणी सुचवलं, पत्रिका पाहिली का, होकार देण्याआधी व्हिडिओ कॉलवर किती दिवस बोललात, पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटलात तेव्हा कोणकोण होतं, साखरपुडा कुठे झाला. तुम्हाला त्या माणसात काय आवडलं, हेही विचारतील. त्याचं उत्तर मात्र आपापलं हवं, घरच्यांचं नको. लग्नाच्या अल्बममध्ये दोघं हातात हात घालून नाहीत याची काळजी करू नका. अंतरपाट, सप्तपदी, दोन्हीकडचे आईवडील आणि मामा एकाच फोटोत असणं याला जास्त वजन आहे. लग्नपत्रिका जपून ठेवलेली असेल तर तीही न्या, सोबत इंग्रजी भाषांतर जोडून.

आणि तारखा! माझ्या ओळखीतल्या एका पुण्याच्या जोडप्याचं प्रकरण यावरून दुसऱ्या मुलाखतीपर्यंत गेलं. कागदपत्रांची घाई म्हणून त्यांनी आधी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं आणि थंडीत मुहूर्तावर कार्यालयात सोहळा. अर्जात पहिली तारीख होती. मुलीच्या मनात लग्न म्हणजे मुहूर्त, तिनं ती सांगितली. नवऱ्यानं घाईघाईनं तिला सावरायला तिसरंच काही सांगितलं. पुढे कितीतरी महिने दोघांची झोप उडाली होती. हे घरी नीट समजून घ्या. स्पेशल मॅरेज ॲक्टखाली तीस दिवसांची नोटीस देऊन विवाह अधिकाऱ्यासमोर झालेलं लग्न हेच कायदेशीर लग्न, नंतरचे विधी हा सोहळा. हिंदू विवाह कायद्याखाली मात्र आधी विधी होतात आणि नोंदणी त्या झालेल्या लग्नाची असते, म्हणजे लग्नाची तारीख विधींची. तुमच्या दाखल्यावर काय आहे ते पाहा आणि विचारलं तर दोन्ही तारखा सांगा.

त्या जोडप्याच्या बाबतीत नडलं ते तिच्या उत्तरापेक्षा त्याचं मध्ये बोलणं. प्रश्न जिला विचारला तिनंच उत्तर द्यायचं. आपल्याकडे नवरा बोलतो, बायको मान डोलावते, किंवा इथे वाढलेली मुलगी भारतातून आलेल्या नवऱ्याचं इंग्रजी पुरं करत बसते. घरी ती माया असते, त्या खोलीत त्याचा अर्थ वेगळा लागतो. इंग्रजीचा धीर नसेल तर दुभाषी घेऊन जा, जोडीदारावर ते काम टाकू नका. आणि आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. हे मी प्रत्येकाला दहादा सांगते. मोठ्या माणसासमोर उत्तर नाही म्हणायचं आपल्याला अवघड जातं, म्हणून अंदाज ठोकून दिला जातो. शपथेवर अंदाज सांगायचा नाही. दिराच्या पगाराचा आकडा माहीत नसणं हा गुन्हा नाही.

आपल्या नावांचा गुंता आधीच सोडवा. वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं नाव मधे येतं, आडनाव बदलतं, काही घरांत लग्नात पहिलं नावही बदलतात. पासपोर्ट एका नावावर, पदवी दुसऱ्या, बँक तिसऱ्या. कागदांवर आलेलं प्रत्येक नाव अर्जातल्या "इतर नावे"मध्ये हवं. जन्मदाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी असेल तर नगरपालिकेत नाव घालून घ्यायला गावाकडे कुणाला तरी महिनोन्महिने आधी कामाला लावा. दाखलाच नसेल तर तसं सरकारी पत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. मराठी कागदाचं भाषांतर दोन्ही भाषा येणारा कुणीही, तसं लिहून सही करून, देऊ शकतो. नोटरी लागत नाही.

संसाराचे पुरावे: घराचा करार, एकत्र भरलेला कर, विम्यात जोडीदाराचं नाव, आणि ज्यातून खरोखर वाणसामान येतं असं जोडखातं. मागच्या आठवड्यात उघडलेलं खातं नेऊ नका. नोकरीमुळे एक जण टेक्ससला आणि एक एडिसनला असेल तर लपवू नका, विमानाची तिकिटं न्या आणि सरळ सांगा.

पत्ता बदलला तर दहा दिवसांत एआर-११ हा पत्ता बदलल्याचा फॉर्म भरा. मुलाखतीचं पत्र जुन्या घरी गेलं आणि तुम्ही गेलाच नाहीत तर अर्ज सोडून दिला असं धरतात. अर्ज प्रलंबित असताना ॲडव्हान्स परोल, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी, न घेता देशाबाहेर गेलात तरी तेच. एच आणि एल या नोकरीच्या व्हिसावाल्यांना त्यात सूट आहे, तरी निघण्यापूर्वी विचारा. व्हिसाची मुदत उलटून गेली असेल, कधी अटक झाली असेल, किंवा जोडीदार नागरिक नसून नुसता ग्रीन कार्डधारक असेल, तर वकिलाशिवाय पाऊल टाकू नका. तिथे माझ्यासारख्या मावशीचा सल्ला पुरत नाही.

कागदापुरतं लग्न करून देणारे लोक आपल्यातही आहेत, याचं मला फार वाईट वाटतं. पाच वर्षांपर्यंत तुरुंग, अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, आणि त्या माणसासाठी पुढे केलेली ग्रीन कार्डची कोणतीही याचिका मंजूर होत नाही, खरं लग्न केलं तरी. नव्या जोडप्यांना आधी दोनच वर्षांचं कार्ड देणारा १९८६ चा कायदा अशांमुळेच आला आणि त्याचा जाच खऱ्या जोडप्यांना सोसावा लागतो.

मुलाखत संपल्यावर लगेच निकाल मिळाला नाही तर घाबरू नका. कार्ड आलं की त्यावरची तारीख पाहा. मंजुरीच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर कार्ड दोनच वर्षांचं असतं आणि ते संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत दोघांना मिळून आय-७५१, म्हणजे कार्डावरची अट काढण्याचा अर्ज, भरावा लागतो. तेव्हा पुन्हा हेच पुरावे मागतात, म्हणून लीजच्या प्रती, कराचे कागद आणि दिवाळीचे फोटो आतापासूनच एका फाइलमध्ये टाकत चला.