पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५: घरच्या घरी दुरुस्ती आणि फेरबदल

माझदाची एमएक्स-५ ही दोन आसनांची, कापडी छपराची गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली आणि तिच्या पहिल्या पिढीचे उत्पादन १९९७ पर्यंत चालू राहिले. सुरुवातीच्या गाडीत १.६ लिटरचे, सुमारे ११५ अश्वशक्तीचे इंजिन होते, आणि वजन साधारण ९५० किलोच्या आसपास होते. वजन राखण्यासाठी या गाडीतला बहुतेक प्रत्येक भाग अगदी बेताचा ठेवलेला आहे. त्यामुळे जड गाडीत लपून जाणारी झीज इथे स्टिअरिंगवर आणि सीटवर लगेच जाणवते. माझे ठाम मत असे आहे की या गाडीवर काम करणाऱ्याने आधी ती मूळ स्थितीत आणावी आणि मगच फेरबदलाचा विचार करावा. झिजलेल्या बुशांवर (चाकांना धरणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांतल्या रबरी भागांवर) नवे स्प्रिंग बसवले, तर नेमके काय सुधारले आणि काय बिघडले हे कळायला मार्गच उरत नाही.

गाडी उचलण्यापासूनच काळजी घ्यावी लागते. पुढची बाजू उचलताना जॅक इंजिनाखालच्या आडव्या क्रॉसमेंबरच्या मध्यभागी लावावा आणि मागची बाजू उचलताना डिफरन्शिअलच्या (मागच्या चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीच्या) खाली, मध्ये लाकडाचा तुकडा ठेवून लावावा. जॅकस्टँड (उचललेली गाडी पेलून धरणारे आधार) मात्र दारांखालच्या पट्टीवर जॅकसाठी मजबूत केलेल्या ठरावीक जागीच ठेवावेत. त्या जागेच्या आजूबाजूचा पत्रा वजन पेलण्यासाठी नाही, तो चेपतो, आणि एकदा चेपलेल्या जागी रंग सुटून गंज धरतो. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीच्या पोटाखाली कधीही शिरू नये. चाकाचे नट पुन्हा बसवताना ते हातानेच आट्यांवर धरवावेत, आणि गाडी खाली घेतल्यावर टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) ८८ ते ११८ न्यूटन-मीटरच्या दरम्यान, समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत.

सगळ्यात आधी हात घालावा तो पाण्याच्या निचऱ्याला, कारण या गाडीचा खरा शत्रू इंजिनातला बिघाड नसून गंज आहे. छपरावरून मागे आलेले पाणी कापडाच्या खालच्या कडेला असलेल्या पन्हळीत जमा होते, दोन्ही बाजूंना सीटबेल्टच्या खांबाजवळच्या छिद्रांतून खाली जाते आणि मागच्या चाकांच्या पुढे गाडीच्या तळातून बाहेर पडते. या वाटेत पाने, माती आणि कापडाचा भुगा साचला, की पाणी तुंबते आणि गालिच्याखाली किंवा दारांखालच्या पोकळ पट्टीत उतरते. तिथला पत्रा मग आतून कुजत जातो. बाहेरून फुगलेला रंग दिसेपर्यंत बरेच नुकसान झालेले असते. तपासणी सोपी आहे: छप्पर अर्धे उचलून एकेका छिद्रात पेलाभर पाणी सावकाश ओतावे आणि गाडीखाली पाहावे. पाणी लगेच धारेने बाहेर आले, तर वाट मोकळी आहे. थेंब थेंब आले किंवा आलेच नाही, तर लवचीक प्लास्टिकची जाड दोरी हळूहळू फिरवत आत सरकवावी. लोखंडी तार घालण्याचा मोह टाळावा, कारण तिने आतली नळी फाटते आणि पाणी थेट पोकळीत जाऊ लागते.

ब्रेकचे काम घरी करता येते, पण मागच्या कॅलिपरची (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाची) रचना समजून घेतल्याशिवाय ते उघडू नयेत. पुढच्या कॅलिपरचा पिस्टन सरळ दाबून आत जातो. मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा बसवलेली असल्याने पिस्टन दाबून आत जात नाही, आणि क्लॅम्प लावून जोर केल्यास आतली रचनाच मोडते. कॅलिपरच्या मागच्या बाजूला १४ मिलिमीटरच्या पान्याने निघणारा एक टोपीसारखा बोल्ट असतो. तो काढला, की आत ४ मिलिमीटरच्या ॲलन कीने फिरणारा स्क्रू दिसतो. तो घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवला, की पिस्टन मागे सरकतो. नवे पॅड बसवून झाल्यावर तोच स्क्रू घड्याळाच्या दिशेने, पॅड डिस्कला टेकेपर्यंत फिरवावा आणि तिथून साधारण एक तृतीयांश फेरा मागे घ्यावा. हा शेवटचा टप्पा अनेकजण वगळतात आणि मग हँडब्रेक फार वर येतो म्हणून केबलच ताणत बसतात. केबल ताणल्याने मूळ दोष जात नाही, उलट ब्रेक अर्धवट लागून राहतो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना पुसून, रबराला चालणारे ग्रीस लावून बसवाव्यात. एक पिन अडकली तरी एकच पॅड तिरका झिजतो.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते, म्हणून गाडी कमी चालली तरी ते दोन वर्षांनी बदलावे. डॉट ४ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, आणि ओल शोषलेल्या ऑइलसाठी ठरवलेली किमान मर्यादा १५५ अंश आहे. घाटातून उतरताना पेडल मऊ का पडते, याचे उत्तर या दोन आकड्यांतच आहे: तापलेल्या ब्रेकमुळे ओल शोषलेले ऑइल लवकर उकळते आणि त्यातली वाफ पेडलखाली दबते. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढण्याचे काम मास्टर सिलेंडरपासून (पेडलचा दाब ऑइलवर आणणाऱ्या नळकांड्यापासून) सर्वांत दूरच्या चाकापासून सुरू करावे आणि टाकीतली पातळी मध्येच तळाला जाऊ देऊ नये.

क्लचचे ऑइल वेगळ्या छोट्या टाकीत असते आणि त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पहिला किंवा रिव्हर्स गिअर अडखळत पडू लागला, तर गिअरबॉक्सवरच्या स्लेव्ह सिलेंडरचे (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या नळकांड्याचे) रबरी टोपण किंचित बाजूला करून पाहावे. आत ओल दिसली, तर सिलेंडर गळतो आहे हे नक्की समजावे. स्लेव्ह बदलताना क्लचचा मास्टर सिलेंडरही बदलावा, कारण नव्या भागाचा पूर्ण दाब आला की जुना मास्टर फार काळ टिकत नाही. गिअर लीव्हर खरखरत असेल आणि केबिनमध्ये गरम हवा येत असेल, तर लीव्हरखालचे रबरी कव्हर फाटलेले असते. ते बदलताना लीव्हरच्या बुडाशी असलेल्या कप्प्यात ८० ते ९० मिलिलिटर गिअर ऑइल भरावे. एवढ्याशा कामाने गिअर टाकण्याची मजा किती परत येते, याची कल्पना प्रत्यक्ष केल्याशिवाय येत नाही.

सस्पेन्शनमध्ये चारही चाकांना दुहेरी विशबोन (चाकाला वरून आणि खालून धरणाऱ्या त्रिकोणी दांड्या) आहेत आणि त्यांचे रबरी बुश वयोमानाने कडक होऊन चिरतात. ते बदलताना एक नियम पक्का पाळावा: विशबोनचे बोल्ट गाडी जॅकस्टँडवर असताना नुसते हाताने लावावेत आणि शेवटचे आवळणे गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच करावे. चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर रबर त्याच अवस्थेत चिकटून राहते, गाडी खाली येताच ते पिळले जाते, आणि नवा बुश लवकर फाटतो. खालच्या विशबोनच्या आतल्या बाजूचे बोल्ट विकेंद्री (आस मध्यभागी नसलेले) असून चाकाचा कोन त्यांच्यावरच ठरतो. म्हणून ते सैल करण्यापूर्वी त्यांची जागा रंगाने खूण करून ठेवावी. काम संपल्यावर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करावेच लागते, आणि ते करताना चालकाच्या सीटवर चालकाइतके वजन ठेवावे. ९५० किलोच्या गाडीत ७५ किलोचा माणूस म्हणजे जवळजवळ आठ टक्के भर, आणि तोही एकाच बाजूला.

एवढे झाले, की फेरबदलांकडे वळावे. पहिला खर्च टायरवर करावा, कारण गाडीतला दुसरा कुठलाही भाग रस्त्याला टेकत नाही. मूळ टायर १८५/६०आर१४ मापाचे आहेत आणि शिफारस केलेला दाब २६ पीएसआय, म्हणजे बऱ्याच गाड्यांपेक्षा कमी आहे. सवयीने ३२ भरल्यास गाडी उड्या मारते. मोठ्या आणि रुंद चाकांचे आकर्षण मला पटत नाही. मूळ १४ इंची अलॉय चाक सुमारे साडेपाच किलोचे आहे. १७ इंची जड चाके लावली, की स्प्रिंगखालचे वजन वाढते आणि या गाडीचा हलकेपणा जिथे सर्वांत जास्त जाणवतो तिथेच तो नाहीसा होतो.

गाडी खाली बसवायची असेल, तर २५ मिलिमीटरच्या आसपास थांबावे. सस्पेन्शनला मुळातच हालचालीची जागा थोडी आहे, त्यामुळे जास्त खाली घेतलेली गाडी बम्प स्टॉपवर (हालचालीच्या शेवटी असलेल्या रबरी ठोकळ्यांवर) टेकून चालते आणि वळणात मध्येच ताठरते.

टर्बो बसवून शक्ती वाढवण्याची इच्छा समजण्यासारखी आहे, पण ती वाढ सगळ्यांत शेवटी करावी. १.६ लिटरच्या गाडीचे डिफरन्शिअल पुढे आलेल्या १.८ लिटरच्या गाडीपेक्षा नाजूक आहे, म्हणून शक्तीबरोबर डिफरन्शिअल, क्लच, रेडिएटर आणि ब्रेक हे सारेच बदलावे लागते, आणि प्रत्येक बदल वजनात भर घालतो. वजन कमी करताना मात्र सुरक्षेला धक्का लावू नये. मूळ स्टिअरिंग काढून हलके बसवले, तर त्यात एअरबॅग असल्यास तीही जाते, हे लक्षात ठेवावे. बॅटरी डिकीत असल्याने तिच्या जागी बाहेर वायू नेणारी नळी जोडता येईल अशीच सीलबंद बॅटरी घ्यावी. साध्या बॅटरीच्या वाफांनी डिकीचा पत्रा खाल्ला जातो.

कोणतेही मोठे काम झाल्यावर पहिल्या १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट आणि सस्पेन्शनचे उघडलेले बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत, कॅलिपर आणि सिलेंडरच्या जोडांवर कोरडे फडके फिरवून ओल येते का ते पाहावे, आणि कोणता भाग कधी बदलला, किती टॉर्कला आवळला याची नोंद वहीत करून ती गाडीतच ठेवावी.