पडून राहिलेली आरएक्स १०० : किक मारण्याआधी काय करायचं

परड्यात किंवा गोठ्याच्या कडेला पाच-सात वर्षं उभी असलेली यामाहाची टू-स्ट्रोक आरएक्स १०० बाहेर काढली, धूळ झटकली, की पाय आपोआप किककडे जातो. तो आवरा. फोर-स्ट्रोकच्या पोटात निदान ऑइल साठलेलं असतं. टू-स्ट्रोकच्या क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) बेअरिंगला पेट्रोलबरोबर येईल तेवढंच ऑइल मिळतं आणि ते कधीच वाळून गेलेलं असतं. बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीकडच्या पाच-सात पावसाळ्यांचा दमट वारा खाल्लेल्या बेअरिंगवर तांबेरा चढलेला असतोच. कोरड्या किकनं तो सुटतो, पिस्टनबरोबर वर येतो आणि बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) उभे ओरखडे पाडतो. थोड्या पैशांत भागणारं काम मग बोअरिंगवर (सिलिंडर आतून कातून घेण्यावर) जातं.

पैसे घालण्याआधी कागद बघा. ही गाडी १९८५ ते १९९६ या काळात निघाली, म्हणजे प्रत्येकीची पंधरा वर्षांची नोंदणी कधीच संपली आहे. नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं होतं. चंदगड-गडहिंग्लजकडून आलेली एमएच-०९ ची (कोल्हापूरची) गाडी केए-२२ मध्ये (बेळगावात) कायमची ठेवायची असेल, तर तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला आधी हातात घ्या. चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासा आणि उठलेला आकडा आरसीशी ताडून पाहा. रंगाऱ्याकडे फ्रेम देताना नंबरावर चिकटपट्टी लावून द्या. घासताना आकडा पुसट झाला तर तपासणीला नेल्यावर गाडी तशीच परत येते.

आता स्पार्क प्लग काढा. भोकातून ३० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल आणि २० मिली डिझेल ओता आणि दोन दिवस हात लावू नका. त्यानंतर गाडी टॉप गिअरला टाकून मागचं चाक हातानं पुढं-मागं हलवा. एकदम जोर करायचा नाही, थोडं पुढं, थोडं मागं. तरीही जाम असेल तर सिलिंडरवरचं हेड उतरवून पुन्हा ऑइल सोडा. प्लगच्या भोकातून सळई घालून हातोडा मारणारे मिस्त्री आहेत. त्यांच्याकडून गाडी सुटते खरी, पण पिस्टनला भोक पाडून.

चाक मोकळं झालं की आलं सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि नेमकं तेच कोणी करत नाही: हवेची गळती तपासणं. टू-स्ट्रोकचा क्रँककेस, म्हणजे क्रँक बसतो ती पेटी, हा पंप आहे. पिस्टन वर गेला की खाली पोकळी होते, कार्ब्युरेटरमधून हवा-पेट्रोल ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच दाबून वर ढकललं जातं. या पंपात क्रँकच्या दोन टोकांच्या वाळक्या रबरी सीलमधून किंवा चिरलेल्या रबरातून चोरटी हवा शिरली, की मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि हायवेवर सीझ म्हणजे जाम होतो. नवा पिस्टन महिन्यात जाम झाला की लोक पिस्टनला डुप्लिकेट म्हणून शिव्या देतात. बऱ्याचदा दोष सीलचा असतो.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. रक्तदाब मोजायच्या जुन्या मशीनचा फुगा आणि डायल घ्या, पट्टा बाजूला ठेवा. एका निकामी प्लगमधली चिनीमाती फोडून काढा, आत पितळेची बारीक नळी बसवा आणि भोवती एम-सील भरून रात्रभर वाळू द्या. कार्ब्युरेटर उतरवा, पण त्याच्या आणि सिलिंडरच्या मधलं मेनिफोल्डचं रबर जागेवरच राहू द्या आणि त्याच्या तोंडात घट्ट बूच मारा. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि त्यावर लोखंडी पट्टी आवळा. ऑइल पंपाची नळी जिथं इनटेकला मिळते तेही भोक बंद करा. हे विसरलं की उगाच सीलवर आळ येतो. पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे वरचा आणि खालचा भाग एक होतो. नळी जोडून फुग्यानं डायलवर ३०० पर्यंत दाब चढवा. हा साधारण ६ पीएसआय होतो. त्यापुढं जाऊ नका.

काटा जागेवर थांबला तर उत्तम. मिनिटाला ५० हून जास्त उतरत असेल तर गळती आहे. साबणाचं पाणी ब्रशनं मेनिफोल्डवर, हेडच्या सांध्यावर, सिलिंडरच्या बुडाशी लावा. बुडबुडे जिथं येतील तिथं दोष. मग मॅग्नेटचं (क्रँकच्या टोकावरच्या, वीज तयार करणाऱ्या चाकाचं) झाकण काढून सीलच्या कडेला बघा. क्लच बाजूची गळती बाहेरून दिसत नाही. तिकडं गिअर ऑइल भरायच्या भोकाला कान लावा किंवा भोकावर साबणाचा पापुद्रा धरा. तो फुगला तर क्लच बाजूचं सील गेलंय. या सीलची चालू गाडीतली खूणही पक्की आहे: सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर आणि गिअर ऑइल आपोआप कमी होणं. मॅग्नेट बाजूचं गेलं की उलट, गाडी आयडलला उतरत नाही, रेस चढलेलीच राहते.

मॅग्नेट काढायला पुलरच वापरा. हातोड्यानं क्रँक वाकतो. आतल्या कॉइलच्या प्लेटवर आणि केसवर आधी खिळ्यानं रेघ ओढून ठेवा, नाहीतर टायमिंग हरवेल. मॅग्नेट बाजूचं सील बऱ्याच इंजिनांत बाहेरून निघतं. क्लच बाजूच्या सीलला आतून उंबरा असेल तर क्रँककेस फोडावाच, म्हणजे दोन भागांत खोलावाच, लागतो. तेवढं उघडलंच आहे तर क्रँकच्या दोन्ही बेअरिंग बदलून टाका, दुसऱ्यांदा केस फोडायची मजुरी बेअरिंगपेक्षा जास्त असते. नव्या सीलच्या ओठावर थोडं ग्रीस लावूनच शाफ्टवर चढवा.

सिलिंडर उतरवलाच असेल तर बोअर वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा. मूळ माप ५० मिमी, स्ट्रोकही ५० मिमी, म्हणून ९८ सीसी. दोन मापांत ०.०५ मिमीहून जास्त फरक असेल तर बोअरिंग करा. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५ च्या पायऱ्यांनी मिळतात. बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉप भरपूर आहेत, पण बोअरिंगवाल्याला तोंडी माप सांगू नका. आधी पिस्टन विकत घ्या आणि त्याच्या हातात द्या. बोअर आणि पिस्टनमध्ये साधारण ०.०४ मिमी फट हवी. डब्यावर वेगळा आकडा छापला असेल तर तो खरा. होनिंग (बोअरची शेवटची घासाई) झाल्यावर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या) कडा बारीक कानशीनं किंचित मोडून घ्या. धारदार कडेत रिंग अडकून तुटते. रिंग एकटी बोअरमध्ये सरळ बसवून तोंडाची फट मोजा, ०.१५ ते ०.३५ मिमी ठीक. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगची तोंडं खाचेतल्या पिनवर, आणि गजन पिनची (पिस्टनच्या आतल्या आडव्या पिनची) लॉक नेहमी नवी. जुनी लॉक उडाली तर सिलिंडरचा निकाल लागतो. रीडच्या (इनटेकच्या एकतर्फी झडपेच्या) पात्या उजेडाकडे धरून बघा. फटीतून उजेड दिसला किंवा टोक तुटलेलं असलं तर पात्या बदला.

टाकी. जुनं पेट्रोल बाहेर ओता, वास वार्निशसारखा येईल. एका लिटर कोमट पाण्याला १०० ग्रॅम लिंबूसत्व या मापानं टाकी काठोकाठ भरा आणि चोवीस तास ठेवा. गंज जाड असेल तर मूठभर जुने नट आत टाकून हलवा आणि नंतर ते मोजून बाहेर काढा. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं दोनदा विसळून लगेच उन्हात वाळवा. पावसाळ्यात हे काम काढू नका. ओली टाकी तासाभरात पुन्हा तांबूस होते. सुकली की आत १०० मिली टू-टी फिरवून घ्या. टाकीला वेल्डिंग हवं असेल तर पेट्रोलच्या वाफा पूर्ण गेल्याशिवाय कोणाकडेही नेऊ नका.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. आपल्याच चिकोडी-संकेश्वर पट्ट्यातल्या उसाचा हा प्रताप. ऊसवाल्याचं भलं होतं, जुन्या रबराचं नाही. इथेनॉल पाणी धरतं, जुने वॉशर फुगवतं आणि मिश्रण जरा पातळ करतं. म्हणून पेट्रोल नळी, नळाचे वॉशर, फ्लोटची सुई हे सगळं नवंच घाला. गाडी जोरात ओढताना अडखळत असेल तर कार्ब्युरेटरमधला मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकाची पितळी पिन) एक आकडा मोठा लावून बघा. कार्ब्युरेटरचा पायलट जेट मात्र लोखंडी तारेनं टोचू नका. वायरमधला तांब्याचा एक केस पुरतो. एअर स्क्रू पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर काढा, तिथून पुढं कानानं जुळवा. ओव्हरफ्लोची नळी आणि सायलेन्सरचं तोंडही बघा. कुंभारीण माशी तिथं मातीचं घरटं करते, आणि लोक मात्र दोन दिवस प्लग बदलत बसतात.

या गाडीला ऑइलची वेगळी टाकी आणि पंप आहे. आधीच्या मालकानं पंप बंद करून ठेवला असण्याची शक्यता मोठी, म्हणून नळी धरून शेवटपर्यंत बघा. पंप चालू ठेवायचा असेल तर जुनं ऑइल काढा, नवं भरा, पंपाच्या स्क्रूमधून बुडबुडे थांबेपर्यंत हवा जाऊ द्या. अ‍ॅक्सिलेटर फिरवला की पंपाची पुलीही बरोबर फिरली पाहिजे. पहिली टाकी मात्र पेट्रोलमध्येही लिटरला २० मिली टू-टी मिसळूनच चालवा. पंपावर विश्वास बसेपर्यंत हा विमा समजा. पंप कायमचा बंद असेल तर लिटरला ३० मिली धरा. राजदूत १७५, जुनी येझदी किंवा जुनी लुना असेल तर मिश्रणच लागतं, पण प्रमाण त्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे.

ठिणगी नसेल तर आधी चावीच्या स्विचकडून सीडीआयला (ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला) जाणारी काळी-पांढरी वायर सोडून बघा. तिच्याविना ठिणगी आली, तर स्विच गंजून आत अर्थिंग झालंय. सीडीआय विकत घेण्याआधी दुसऱ्या चालू गाडीवरचा लावून बघा. प्लगची फट ०.६ ते ०.७ मिमी.

सायलेन्सरच्या शेपटाकडचा स्क्रू काढून बॅफल (आवाज दाबणारी आतली नळी) ओढून काढा आणि खरवडा. आतली काजळी जाड असेल तर कॉस्टिक सोडा: पाच लिटर पाण्यात अर्धा किलो, नेहमी पाण्यात सोडा, सोड्यावर पाणी कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा घाला. अ‍ॅल्युमिनिअमला तो खातो, म्हणून सिलिंडर आणि हेड लांब. बॅफल परत बसवा. बॅफलशिवाय आवाज वाढतो, पण इंजिनची जुळणी बिघडते.

टायरवरचे चार आकडे वाचा, १२१४ म्हणजे २०१४ चा बारावा आठवडा. असा टायर कितीही काळा दिसो, बदलाच. ब्रेक शू, केबल, चेन यांवर फार विचार करायचं कारण नाही, सगळं नवं.

चालू झाल्यावर पहिल्यांदा दोन मिनिटं आयडल, मग बंद, पूर्ण थंड. असं तीन वेळा. चौथ्यांदा गार इंजिनवर हेडचे नट तिरप्या क्रमानं पुन्हा आवळा. पहिले ५०० किमी ताशी ४५ च्या आत, एका वेगावर सतत नाही. वंटमुरीचा घाट किंवा चोर्ला या काळात टाळा. उतारावर अ‍ॅक्सिलेटर पूर्ण बंद करून गिअरमध्ये लांबवर घसरू नका, त्यात इंजिनला ऑइल मिळत नाही. ५०० किमीनंतर जरा वेगात चालवून, अ‍ॅक्सिलेटर न सोडता क्लच दाबून गाडी बंद करा आणि प्लग काढून बघा. भाजलेल्या खोबऱ्यासारखा रंग असेल तर जुळलंय. पांढरट असेल तर जेटला हात लावण्याआधी पुन्हा फुगा आणि डायल काढा.