पास्कलमधून जीटीके, क्यूटी आणि कोको: सुरुवात कुठून करावी

जीटीके, क्यूटी आणि कोको या खिडक्या-बटणं काढून देणाऱ्या लायब्रऱ्या. फ्री पास्कल या कंपायलरमधून जीटीकेची पहिली खिडकी उघडली तेव्हा वाटलं, जमलं. ६४-बिट लिनक्सवर बटण दाबलं की सगळं नीट चालायचं. तोच कोड ३२-बिटसाठी कंपाइल केला आणि बटणाला हात लावताच प्रोग्राम कोसळला. दोन दिवस मी जीटीकेतच चूक शोधत होते. चूक निघाली माझ्याच एका ओळीत: कॉलबॅक प्रोसीजरच्या (बटण दाबल्यावर लायब्ररी जी बोलावते तिच्या) शेवटी 'सीडेक्ल', म्हणजे पॅरामीटर सीच्या पद्धतीने घ्यायची सूचना, लिहायचं राहिलं होतं. ३२-बिट इंटेलवर फ्री पास्कल पहिले तीन पॅरामीटर रजिस्टरमधून (प्रोसेसरच्या आतल्या जागांतून) घेतं, सी लायब्ररी मात्र ते स्टॅकवर, म्हणजे मेमरीत, ठेवते. त्यामुळे रजिस्टरमध्ये जे काही पडलेलं होतं, तेच माझी प्रोसीजर पॉइंटर समजून वाचत होती. ६४-बिट लिनक्सवर दोघांची पद्धत एकच, म्हणून चूक झाकली गेली.

तेव्हा नव्या मंडळींनो, खिडक्या-बटणांच्या आधी कॉलिंग कन्व्हेन्शन, म्हणजे पॅरामीटर पोचवायची ही पद्धत, शिका.

जीटीके सीमध्ये लिहिलेली आहे, त्यामुळे थेट जोडता येते. अडतं ते इथे: क्लासमधली मेथड कॉलबॅक म्हणून देता येत नाही, कारण तिला 'सेल्फ' हा छुपा पॅरामीटर लागतो. साधी प्रोसीजर द्या, शेवटच्या डेटा पॉइंटरमधून ऑब्जेक्ट पाठवा, आत टाइपकास्ट करून मेथड बोलवा. आणि त्या प्रोसीजरमध्येच ट्राय-एक्सेप्ट घाला. पास्कलचं एक्सेप्शन सीच्या कोडमधून वर जाऊ द्यायचं नाही, हा नियम मी कधीच मोडत नाही.

क्यूटीचं तसं नाही. ती सी++ मध्ये आहे. कंपायलर फंक्शनांची नावं बदलून टाकतो, व्हर्च्युअल मेथडचा तक्ताही पास्कलशी जुळेलच असं नाही. म्हणून मधे साध्या सी फंक्शनांचं आवरण लागतं. फ्री पास्कलवर प्रोग्राम बांधायचं साधन लॅझारसही हेच करतं.

मॅकवरच्या कोकोचा रस्ता मला सर्वांत देखणा वाटतो. २०१२ साली आलेल्या फ्री पास्कल २.६.० पासून कोकोच्या भाषेचे, ऑब्जेक्टिव्ह-सीचे, क्लास पास्कलमध्येच जाहीर करता येतात, त्यांचे वारसदार क्लासही लिहिता येतात.

ओपनजीएल ही ग्राफिक्सची लायब्ररी वापरणार असाल तर आणखी एक. दशांश आकड्यांत शून्याने भागलं की पास्कल एक्सेप्शन उठवतं. सी लायब्रऱ्या तो सापळा बंद आहे असं धरून चालतात. मॅथ युनिटमधलं 'सेटएक्सेप्शनमास्क' लायब्ररी सुरू करण्याआधीच बोलवा, नाहीतर ड्रायव्हरच्या आत कुठेतरी प्रोग्राम थांबेल आणि डीबगर तुमच्या कोडची एकही ओळ दाखवणार नाही.