पायाच्या बोटांत गोळा आला तर काय करावं, आणि तो पुन्हा येऊ नये म्हणून काय करावं

झोपेत कूस बदलताना पाय लांब होतो, पंजा नकळत पुढे ताणला जातो आणि तेवढ्यात तळव्यात काहीतरी आवळतं. अंगठ्याशेजारचं बोट वाकडं होऊन अंगठ्यावर चढतं, तळव्याची कमान दगडासारखी कडक होते. याला कोणी गोळा म्हणतं, कोणी पेटका, कोणी वांब. माझी आई अशी कळवळून उठायची आणि अंधारात भिंत धरत न्हाणीपर्यंत जायची. तिथल्या थंड फरशीवर पाय टेकला की उतार पडतो, असं सांगायची. पन्नाशीत मलाही गोळे यायला लागले, तेव्हा मी पलंगाशेजारच्या सतरंजीवरच उभी राहून पाहिलं. तितकंच बरं वाटलं. आईला उतार पडायचा तो थंडाव्याने नाही, उभं राहण्याने.

याचं कारण साधं आहे. आखूड झालेल्या स्थितीत असलेला स्नायू आणखी आवळला, की त्याचा गोळा होतो. आपण उताणे झोपतो तेव्हा पंजा खाली झुकलेला असतो, म्हणजे पोटरीचे आणि तळव्याचे स्नायू आधीच आखूड असतात. जड गोधडी पायावर असेल तर पंजा आणखी खाली दाबला जातो. उभं राहिलं की अंगाच्या भाराने तळवा सपाट होतो आणि आवळलेला स्नायू लांब होतो. सगळा उपाय या लांब करण्यात आहे.

गोळा आलाय, आता काय?

आधी उठून बसा. पाय पुढे सरळ ठेवा आणि टाच समोर ढकला. मग सगळी बोटं मुळाशी एकत्र धरून हळूहळू नडगीकडे ओढा. एकच वाकडं झालेलं बोट पकडून हिसका देऊ नका, त्याने दुसऱ्या दिवशी जास्त दुखतं. साधारण तीस सेकंद तसंच धरून ठेवा, श्वास रोखू नका. वाकून हात पोचत नसेल तर पंचा किंवा ओढणी तळव्याखालून घालून दोन्ही टोकं आपल्याकडे ओढा. माझ्या उशाशी जुनी सुती ओढणी याचसाठी घडी करून ठेवलेली असते.

एवढ्याने सुटलं नाही तर भिंत धरून उभे राहा आणि टाच जमिनीवर टेकवून पायावर भार द्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी मात्र आधी दिवा लावावा. अंधारात लंगडत जाताना पडण्याचा धोका गोळ्यापेक्षा मोठा आहे.

आवळ सैल झाली की हाताच्या अंगठ्याने तळवा टाचेकडून बोटांकडे चोळा. कोमट तेल असेल तर उत्तम. मागून राहिलेल्या दुखण्याला गरम पाण्याचा शेक बरा वाटतो. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल, तर पाणी किती गरम आहे हे दुसऱ्याला हात घालून बघायला सांगा, नाहीतर भाजलेलं कळत नाही. गोळा बहुतेक वेळा काही सेकंदांत, फार तर दहा मिनिटांत सुटतो. स्नायू दिवसभर हुळहुळा राहू शकतो, त्याची काळजी नको.

येतो कशामुळे?

पुष्कळदा एक असं ठोस कारण सापडत नाही. तरी आदला दिवस आठवून पाहावा. दिवसभर ओट्याशी किंवा फळ्यासमोर उभं राहणं झालं का? सवय नसताना गड चढलात, खूप चाललात? उन्हात घाम गाळून पाणी कमी प्यालात? सैल स्लिपर पायातून निसटू नये म्हणून बोटं सतत आवळून चालत होतात? हे शेवटचं कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि बोटांच्या गोळ्याला ते पुरेसं निमित्त असतं. मागे पट्टा असलेली, बोटांना ऐसपैस जागा देणारी चप्पल घेऊन बघा.

गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, गोळे येणं नेहमीचं आहे. लघवी जास्त व्हावी म्हणून दिलेली औषधं आणि कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिन हीही कारणं असू शकतात. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, थायरॉइड मंदावणं आणि रक्तातलं कॅल्शियम कमी होणं यांतही पेटके येतात. औषधाचा संशय आला तरी ते स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

पुन्हा येऊ नये म्हणून

झोपायच्या आधी तीन-चार मिनिटं ताण द्या. भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर उभे राहा, तळहात भिंतीला लावा, टाचा जमिनीवरून न उचलता पुढे झुका. पोटरीत ताण जाणवला की अर्धा मिनिट थांबा, असं तीनदा करा. मग बोटांसाठी वेगळा व्यायाम: बोटांची पेरं भिंतीला टेकवून, टाच खालीच ठेवून पुढे कला, म्हणजे बोटं वर वळतात आणि तळवा ताणला जातो. नेदरलँड्समध्ये २०१२ साली पंचावन्न वर्षांवरच्या ऐंशी जणांवर अभ्यास झाला. त्यात ज्यांनी सहा आठवडे झोपण्यापूर्वी पोटरी आणि मांडीच्या मागच्या स्नायूला ताण दिला, त्यांचे रात्रीचे गोळे कमी झाले. फुकटचा उपाय आहे, पण रोज करावा लागतो.

सकाळी आळोखेपिळोखे देताना पंजा पुढे ताणायची सवय सोडा, त्याऐवजी टाच ढकला. पायाकडचं पांघरूण सैल ठेवा.

खाण्यापिण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. केळी खा, नाचणीची भाकरी खा, दोन्ही चांगलीच आहेत. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण एक केळं खाल्लं की त्या रात्री गोळा येणार नाही, असं होत नाही. मॅग्नेशियमच्या गोळ्या लोक सर्रास घेतात. म्हाताऱ्या माणसांच्या पेटक्यांवर त्यांचा फारसा उपयोग दिसत नाही, असं कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०२०च्या आढाव्यात नोंदलेलं आहे. क्विनीन हे हिवतापावरचं औषध तर या कामासाठी घेऊच नये. त्याने रक्तातल्या प्लेटलेट धोकादायकरीत्या घटू शकतात, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा स्पष्ट इशारा दिलेला आहे.

घाम खूप गेला असेल तेव्हा मात्र नुसत्या पाण्यापेक्षा मीठ-साखरेचं पाणी बरं: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. आषाढात पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. मुक्कामी पोचल्यावर लगेच आडवं न होता आधी भिंतीशी किंवा झाडाशी उभं राहून पोटऱ्यांना ताण द्यावा. उंच रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मिठाचं पाणी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

डॉक्टरांकडे कधी जावं?

आठवड्यातून बऱ्याच रात्री झोप मोडत असेल, पाय बधिर किंवा अशक्त वाटत असेल, तर जा. चालताना पोटरी दुखते आणि थांबलं की दुखणं थांबतं, हा गोळा नाही; पायाला रक्त कमी पोचत असल्याची ती खूण असू शकते. पेटक्यांसोबत तोंडाभोवती मुंग्या येऊन हातांची बोटंही आकडत असतील तर त्याच दिवशी दाखवा. एकच पाय सुजला, लाल आणि गरम झाला, तर तो अजिबात चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, लगेच रुग्णालय गाठा.

जाताना चालू औषधांची पाकिटं पिशवीत घालून न्या. गोळा कोणत्या पायात आला, किती वाजता आला आणि आदल्या दिवशी काय काम झालं होतं, हे दोन आठवडे कॅलेंडरवर लिहून ठेवलं असेल तर तेही दाखवा.