मोडीतल्या पैशांची थैली घेताना

तांब्याचे जुने पैसे मी एकेक करून घेत नाही, न निवडलेले, किलोनं घेतो. आमच्या दर्यापूर-अंजनगाव पट्ट्यात ते मिळतात मोड घेणाऱ्या भांडेवाल्याकडे, नाहीतर आठवडी बाजाराच्या टोकाला बसणाऱ्या भंगारवाल्याकडे. लग्नसराईत जावं. लोक जुने गुंड, गंज, पराती मोडीत देतात, त्याच गाठोड्यातून आजीच्या डब्यातले पैसेही येतात.

"भाऊ, याले कोनाचाच हात नाई लागला," असं प्रत्येक विकणारा म्हणतो. त्याला खोटं पाडू नका, पण थैलीच्या तळातून एक ओंजळ काढा. वऱ्हाडात १८५३ पर्यंत निजामाचा अंमल होता, मग इंग्रजांचा कारभार आला. त्यामुळे इथल्या घरातल्या पैशांत सगळा काला असतो: फारसी अक्षरांचे ओबडधोबड पैसे, १८३५ चा ईस्ट इंडिया कंपनीचा पाव आणा (म्हणजे एक पैसा), राणीछाप, राजाछाप आणि १९४३ ते ४७ चा भोकाचा पैसा. एखादी शिवराईही निघते, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. ओंजळीत असा काला दिसला की माल घरगुती समजा. नुसते भोकाचे आणि झिजून सपाट झालेलेच निघाले, तर चांगलं ते आधीच कुणीतरी वेचून नेलंय. आणि सगळ्यात वर एकच ठसठशीत शिवराई ठेवलेली असेल, तर ती तुमच्यासाठीच ठेवलीय.

मग त्याच्याच काट्यावर शंभर ग्रॅम पैसे टाकून मोजा. १९०६ पर्यंतचा तांब्याचा पाव आणा साधारण साडेसहा ग्रॅमचा, त्यानंतरचा कांस्याचा पाच ग्रॅमच्या आत आणि भोकाचा जेमतेम दोन ग्रॅमचा. शंभर ग्रॅममध्ये पंधरा-सोळा बसले तर जुना माल, वीस-एकवीस बसले तर पाचव्या-सहाव्या जॉर्जच्या काळाकडचा, पन्नास बसले तर भोकाचेच. भाव ठरवताना थैलीत एकही खास नाणं नाही असंच धरा. तांब्याच्या मोडीचा त्या दिवशीचा दर विचारा, त्यावर थोडं चढवून द्या आणि तिथेच थांबा.

राम-दरबार किंवा मारुतीचं चित्र, मागे कंपनीचं नाव आणि १८१८ सारखं साल, असा तुकडा कुणी लाखाचा म्हणून दाखवला तर सरळ बाजूला ठेवा. कंपनीनं असे पैसे पाडलेच नाहीत, हे नंतर बनवलेले टोकन आहेत. जुनं नाणं लाखोंना विकून देतो, आधी फी भरा, असा फोन आला तर तोही कापा. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये याबद्दल लोकांना सावध केलं होतं.

"वावरात नांगराला लागले" असं सांगितलेले पैसे मी घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. १८७८ च्या कायद्यानं जमिनीत पुरलेलं दहा रुपयांवरचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. आपल्या वाशीम जिल्ह्यात तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा साठा निघाला. त्यातून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी ही नावं जगाला कळली. तो साठा मोडीत फुटला असता तर हे राजे कायमचे गेले असते.

घरी आणल्यावर चिंच, राख, पीतांबरी काहीही लावायचं नाही. तांब्यावरचा तपकिरी थर गेला की संग्राहकाच्या लेखी नाण्याची किंमत गेली. ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल वॉटर आणा (अ‍ॅसिड नव्हे), त्यात नाणी रात्रभर भिजवा, मऊ ब्रशनं माती सोडवा, सुती कापडावर टिपून सावलीत पूर्ण वाळवा. मग भिंग घेऊन साल वाचायला बसा. पंचम जॉर्जची १९११ ची नाणी वेगळी काढा. त्याच्या गळ्यातल्या माळेवरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि १९१२ पासून तो बदलला. ठेवायला कागदी पाकिटं वापरा, मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत तांबं हिरवं पडतं. उरलेले भोकाचे पैसे मात्र लहान पोरांना द्या, साल वाचायला शिकायला त्यापेक्षा चांगलं नाणं नाही.